कतारगामची झोप काढ्याने परत येणार नाही

झोप लागत नसेल तर रात्री कॅमोमाइलचा चहा घ्या, दुधात जायफळ उगाळून प्या, अश्वगंधाची पूड घ्या, तळपायाला तूप चोळा. निसर्गाने दिलेली झोप निसर्गाच्याच औषधाने परत येते, असं सांगितलं जातं. हा सल्ला आता इतक्या तोंडांनी ऐकू येतो की तो नेमका कुणाचा, हे सांगता येणार नाही. वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत तो असतो, 'स्लीप टी'च्या डब्यावर छापलेला असतो, योगशिबिरात मिळतो आणि घरातली वडीलधारी माणसंही मायेने तोच देतात. त्यातल्या एकेका वस्तूबद्दल पुढे बोलणारच आहे. पण माझा आक्षेप त्या सल्ल्याच्या पायालाच आहे. झोप का गेली हे न विचारताच झोपेचं औषध सांगणं चूक आहे, आणि सुरतेच्या कतारगामसारख्या वस्तीत ही चूक माणसाच्या जिवावर बेतू शकते.

कतारगाम एके काळी पापडीसाठी ओळखलं जाई. हिवाळ्यात उंधियू करायचा तर पापडी कतारगामची हवी, असं सुरती माणूस आजही म्हणतो. पापडीची ती शेतं गेली. आता तिथे हिऱ्यांचे कारखाने आहेत, एम्ब्रॉयडरीची लांबच लांब यंत्रं आहेत, औद्योगिक वसाहत आहे आणि वेड रोडच्या अंगाला पॉवरलूमची खाती आहेत. हिरे घासायच्या घंटीवर बसणारे बहुतेक सौराष्ट्रातले. लूमवर उभे राहणारे बरेचसे ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले. जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली आपली खानदेशी माणसं लिंबायत, उधना, डिंडोलीकडे जास्त आहेत, पण मराठी घरं कतारगामातही आहेत. भाषा निराळ्या असल्या तरी या सगळ्यांचा हिशेब एकाच रीतीने होतो. हिरे घासणाऱ्याला नगावर पैसे, लूमवाल्याला मीटरवर. जेवढं काम तेवढा दाम, आणि काम थांबलं की दामही थांबला.

लूमची पाळी बारा तासांची असते. सकाळी सातला एक माणूस यंत्रापुढे उभा राहतो आणि संध्याकाळी सातला दुसरा त्याच्या जागी येतो. काही दिवसांनी पाळी उलटते, म्हणजे दिवसवाला रात्रीत जातो आणि रात्रवाला दिवसात. यंत्रांचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. हातभर अंतरावरच्या माणसालाही ओरडून सांगावं लागतं, आणि पुढे पुढे माणसं ओरडणंही सोडून देतात, खुणांवर काम चालतं. कारखान्यातल्या आवाजाची मर्यादा आठ तासांसाठी ९० डेसिबल धरली जाते. इथे आवाज त्याहून जास्त आणि तासही जास्त. पाळी सुटल्यावर खोलीवर येऊन पडलं तरी कान वाजत राहतात.

ती खोलीही पाहायला हवी. वेड रोडवर लूमवाले राहतात त्या मेसमध्ये एका लांब खोलीत भिंतीला लागून ओळीने अंथरुणं असतात. प्रत्येकाच्या उशाशी पत्र्याची पेटी, वर दोरीवर लुंग्या आणि टॉवेल, कोपऱ्यात जगन्नाथाची तसबीर. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की थोड्या वेळात रात्रपाळीचा येऊन त्याच जागेवर अंग टाकतो. एका अंथरुणाचे दोन धनी. गादीतली ऊब जाण्याआधीच दुसरा तिच्यावर पडलेला असतो. दिवसा दहा वाजता, पत्रा तापलेला असताना, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत असताना आणि खालच्या मजल्यावर लूम चालू असताना तो झोपायचा प्रयत्न करतो. नागरी वस्तीत रात्रीच्या आवाजाची मर्यादा आपल्याच नियमांनी ४५ डेसिबल ठेवली आहे. दिवसा झोपणाऱ्या माणसाचा विचार त्या नियमांत नाही.

या माणसाला तुम्ही कोणता चहा देणार?

माणसाचं शरीर उजेड आणि अंधारावर आपली घडी बसवतं. पेशीपेशीत चालणारी ही घडी कशी काम करते हे शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ सालचं नोबेल मिळालं. सकाळ झाली की शरीराचं तापमान चढायला लागतं आणि जागं ठेवणारी संप्रेरकं वाढतात. रात्रभर राबलेला माणूस नेमका त्याच वेळी आडवा होतो, म्हणून त्याची झोप तुटक आणि तोकडी होते. अनेक वर्षांच्या रात्रपाळीचा परिणाम इतका खोलवर जातो की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली असं काम 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं आणि २०१९ साली तेच मत कायम ठेवलं. ही घडी बिघडवणारी गोष्ट पाळीच्या वेळापत्रकात आहे. तिचा इलाज स्वयंपाकघरात शोधणाऱ्याने रोगाची जागाच चुकवली आहे.

यावर पहिलं उत्तर येतं ते असं: सगळेच काही लूमवर राबत नाहीत. ज्यांना घर आहे, गादी आहे, रात्र मोकळी आहे, त्यांना तरी या वनस्पतींचा उपयोग होतोच ना? प्रश्न रास्त आहे, म्हणून पुरावा पाहू.

सगळ्यात जास्त बोलबाला अश्वगंधाचा आहे आणि सगळ्यात बरा पुरावाही तिच्याच बाजूने आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. २०२१ साली पाच चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सगळे मिळून ४०० लोक होते आणि झोपेत सुधारणा दिसली, पण ती लहान होती. या चाचण्या ठरावीक प्रमाणात तयार केलेल्या अर्कावर झालेल्या आहेत. बाजारातल्या सुट्या पुडीत काय आणि किती आहे, हे त्यांवरून कळत नाही, आणि रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याला तिचा किती उपयोग होईल हे तर मुळीच नाही. कॅमोमाइलची अवस्था याहून कच्ची आहे. जुन्या निद्रानाशाच्या ३४ रुग्णांवर अमेरिकेत केलेली चाचणी २०११ साली छापली गेली. कॅमोमाइल घेणारे आणि खोटी गोळी घेणारे यांच्या झोपेत नोंद घ्यावी असा फरक पडला नाही. आपल्या तगराची युरोपीय बहीण असलेल्या व्हॅलेरियनबद्दल अमेरिकेतल्या निद्राविकार तज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली, निद्रानाशासाठी ती देऊ नये, असाच सल्ला डॉक्टरांना दिला. झोपेसाठी सांगितली जाणारी जटामांसी तर हिमालयात अतिसंकटग्रस्त झाली आहे. आपल्या उशाशी ठेवायच्या तेलासाठी ती मुळासकट उपटली जाते, आणि एवढं एक कारणही तिची जाहिरात थांबवायला पुरेसं आहे.

जायफळाबद्दल आपल्या घरांत फार जिव्हाळा आहे. सहाणेवर दोन वळसे उगाळून दुधात घातलेल्या जायफळाने मोठ्या माणसाचं काही वाईट होत नाही. ऊन दूध, दिवा मंद, घर शांत, आईचा किंवा बायकोचा हात: त्या वेळी जी सुस्ती येते तिच्यात या सगळ्याचा वाटा असतो. ते सुख मी कुणाचं हिरावून घेत नाही. पण चिमटीने झोप येत नाही म्हणून कुणी चमचाभर पूड घेतली, तर त्यातलं मिरिस्टिसिन विषासारखं काम करतं. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, भ्रम होतात. प्रमाण वाढवलं की विष होणारी वस्तू 'निरुपद्रवी' म्हणून देता येत नाही.

इथे दुसरं उत्तर येतं: निसर्गाचं आहे, फायदा नाही झाला तरी अपाय तर होणार नाही. हे वाक्य मला सगळ्यात जास्त धोकादायक वाटतं, आणि ते खोटं ठरवणारा इतिहास आपल्याच देशातला आहे. सर्पगंधा ही झोप आणणारी खरी भारतीय वनस्पती. बेभान झालेल्या माणसाला शांत करण्यासाठी ती पिढ्यान् पिढ्या दिली जात होती. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर निबंध लिहिला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर ती वापरून पाहिली आणि १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोग नियतकालिकात आपले निष्कर्ष छापले. जगाचं लक्ष तिच्याकडे वळलं ते त्यानंतर. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढण्यात आलं आणि पुढे जगभर लाखो लोकांनी ते घेतलं. रक्तदाब उतरला, मन शांत झालं आणि काहींच्या बाबतीत ते इतकं खचलं की रेसर्पिन घेणाऱ्यांतल्या नैराश्याबद्दल डॉक्टरांना सावध व्हावं लागलं. या वनस्पतीने खरोखर काम केलं, आणि म्हणूनच तिला मात्रा लागली, देखरेख लागली, धोके निघाले. जे शरीरात काही घडवतं ते बिघडवूही शकतं. अपाय करण्याची ताकदच नसलेली वस्तू उपाय तरी कशी करणार?

आजही सर्पगंधेच्या गोळ्या झोपेसाठी म्हणून सहज मिळतात. रक्तदाबाची दुसरी गोळी आधीच चालू असलेल्या माणसाने त्यावर ही घेतली तर काय होईल, हे त्याला विचारायला समोर कुणी नसतं.

वनस्पतींच्या औषधांनी यकृताला इजा होण्याची गोष्ट तर अगदी अलीकडची. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणारे सहा रुग्ण पाहिले. त्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि २०२१ साली ही नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. त्या रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरीच, याची खात्री केलेली नाही, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. हा आक्षेप पूर्ण खरा धरू. मग तर माझं म्हणणं अधिकच पक्कं होतं. मुंबईच्या रुग्णालयात, तपासणीची साधनं हाताशी असतानाही कोणती वेल आहे याबद्दल वाद होऊ शकतो, तर कतारगामच्या दुकानातून कागदाच्या पुडीत पूड नेणाऱ्या कारागिराने तिची ओळख कशी पटवायची? पुढे २०२३ साली केरळातल्या डॉक्टरांनी अश्वगंधामुळे यकृताला इजा झालेल्या भारतीय रुग्णांची मालिकाच प्रसिद्ध केली. ज्यांचं यकृत आधीच आजारी होतं त्यांच्यातले काही दगावले. असे रुग्ण थोडे आहेत. पण 'अपाय नाहीच' या दाव्याला थोडेही पुरतात.

याहून मोठं नुकसान वेळेचं होतं. झोप न लागणं हे पुष्कळदा दुसऱ्याच आजाराचं पहिलं लक्षण असतं. जो माणूस रात्रभर घोरतो, मध्येच श्वास अडकून दचकतो आणि दिवसा यंत्रापुढे डुलक्या घेतो, त्याला झोपेत श्वास बंद पडण्याचा विकार असू शकतो. हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली होती. २००४ साली छापलेल्या त्या अभ्यासात जवळपास पाचातल्या एकाच्या श्वासात झोपेत असा बिघाड आढळला. अशा माणसाला गुंगी आणणारं काहीही द्यायचं म्हणजे घशाचे स्नायू आणखी सैल करण्याचा धोका पत्करायचा. त्याला तपासणी हवी, वजनाकडे आणि रक्तदाबाकडे लक्ष हवं, गरज पडली तर रात्री हवेचा दाब देणारं यंत्र हवं.

आणि पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं हे नैराश्याचं नेहमीचं लक्षण आहे. कतारगाममध्ये या क्षणी यापेक्षा जास्त काळजीची दुसरी गोष्ट मला दिसत नाही. हिऱ्याच्या धंद्यात गेली काही वर्षं मंदी आहे. कारखाने दिवाळीच्या सुट्ट्या लांबवतात, कामाचे दिवस कमी करतात, नगाचे भाव पाडतात. मुलांची फी थकते, घराचा हप्ता थकतो, गावी सांगायची लाज वाटते. हिरे घासणाऱ्या रत्नकलाकारांच्या आत्महत्या इतक्या वाढल्या की 'डायमंड वर्कर्स युनियन गुजरात' या संघटनेला जुलै २०२४ मध्ये मदतीसाठी हेल्पलाइन सुरू करावी लागली. २०२५ साली गुजरात सरकारने मुलांच्या शाळेच्या फीसाठी मदतही जाहीर केली. अशा घरात रात्रभर जागा असलेला माणूस जेव्हा सांगतो की 'झोपच येत नाही', तेव्हा तो एक दार किलकिलं करत असतो. त्याला 'जायफळ घे, बरं वाटेल' म्हणणं म्हणजे ते दार आपल्या हाताने लावून घेणं आहे. त्याला विचारायला हवं: किती देणं आहे? कुणाचं? जीव नकोसा होतो का? केंद्र सरकारची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे आणि तिथे मराठीत, गुजरातीत बोलता येतं. ती माहिती कारखान्याच्या पाण्याच्या माठाशेजारी लावणं, हे कोणत्याही डबाबंद चहापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

आता तिसरं उत्तर, आणि ते अभिमानाने दिलं जातं: हे आपलं आयुर्वेदाचं ज्ञान आहे, तुम्ही पाश्चात्त्य चष्म्यातून बघता. तर मग आयुर्वेदच उघडू. चरकाने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्याबरोबर निद्रेला शरीराचा आधारस्तंभ म्हटलं आहे. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात त्याने निद्रानाशाची कारणं दिली आहेत: काम, काळ, आजार, मूळची प्रकृती आणि वात. या यादीत काम पहिलं आहे. त्याच अध्यायात त्याने दिवसा झोपणं एरवी वर्ज्य मानूनही ज्यांना सूट दिली त्यांत ओझी वाहून थकलेले आणि वाटचाल करून शिणलेले लोक आहेत. वाग्भटाने रात्री जागलेल्या माणसाला, जेवढं जागरण झालं त्याच्या निम्मा वेळ सकाळी काही न खाता झोपायला सांगितलं आहे. म्हणजे जागरण झोपेनेच भरून काढायचं असतं, हे त्यालाही ठाऊक होतं. चरकाच्या उपायांत म्हशीचं दूध आहे, तूप आहे, अभ्यंग आहे, मांसरस आहे, आणि त्यांच्याच पंगतीला मनाजोगतं घर आणि सुखाचं अंथरूण आहे. या पानातून दूध आणि जडीबुटी उचलायची, अंथरूण आणि काम गाळायचं, आणि वर आयुर्वेदाचं नाव सांगायचं, हा त्या ग्रंथावरचाच अन्याय आहे. चरकाच्या नावाने बोलणाऱ्यांनी कारखान्याच्या मालकाला चरकाची पूर्ण यादी वाचून दाखवावी. मी त्यांच्या बाजूला उभा राहीन.

कामाला हात न लावता झोप आणायचा प्रयोग आपल्याकडे एकदा झालेला आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत बायका मोठ्या संख्येने काम करत होत्या. तान्हं मूल घरी, आई खात्यात. मूल रडलं तर सांभाळणारं कुणी नाही, आणि रात्री ते रडत राहिलं तर आईला उद्याची पाळी झेपणार नाही. त्यावर चाळीचाळींतून एक उपाय रुळला होता: बाळागोळी. तिच्यात अफू असे. गोळी दिली की मूल तासन् तास निपचित पडून राही. १९२० च्या दशकात मुंबई सरकारने गिरणी कामगार बायकांची स्थिती पाहायला डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांना नेमलं होतं. या बायकांच्या जवळजवळ सगळ्याच तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असं त्यांना आढळलं. दूध पिण्याची भूक मंदावलेली, अंगाने सुकलेली ती मुलं मोठ्या प्रमाणावर दगावत होती. बाळागोळी वनस्पतीचीच होती, घरगुती होती, पिढ्यान् पिढ्यांची होती आणि आईच्या मायेने दिली जात होती. आजच्या सल्ल्याच्या बाजूने जे जे सांगितलं जातं ते सगळं तिलाही लागू होतं.

त्या आयांना दोष देणारे तेव्हाही होते. अडाणी बायका म्हणून त्यांना हिणवलं गेलं. पण त्या बायकांना हवं होतं ते दुसरंच: बाळंतपणाची पगारी रजा, कामाचे कमी तास आणि मूल ठेवायला जागा. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले, आणि १९२९ साली मुंबई प्रांताने तो कायदा केला. देशातला असा तो पहिला. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासहून अधिक बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं केलं. मुलाला अफूऐवजी पाळणा मिळाला तो असा, विधेयकं मांडून आणि मालकांशी भांडून.

त्याच्याही आधी नारायण मेघाजी लोखंडे होते. जोतीराव फुल्यांचे हे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सूर्यास्तानंतर काम नको, अशा मागण्या लिहून सरकारकडे दिल्या. गिरणीवाल्यांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. सहा वर्षं लागली. आज रविवारी उशिरापर्यंत झोपणाऱ्या मराठी माणसाची ती झोप लोखंडे यांनी मिळवून दिलेली आहे.

कतारगाममध्ये हीच लढाई अजून शिल्लक आहे. १९४८ च्या कायद्याने दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, जादा कामाला दुप्पट मजुरी ठरवली. लूमची बारा तासांची पाळी त्या मर्यादेत कधीच बसत नव्हती. पण अनेक लहान खाती फॅक्टरी कायद्याऐवजी दुकानं-आस्थापनांच्या कायद्याखाली नोंदलेली होती, आणि मीटरवर पैसे घेणाऱ्याच्या नावाने तासांची नोंदच होत नाही. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या काळात, गुजरात सरकारने अधिसूचना काढून बारा तासांची पाळी आणि जादा तासांना साधीच मजुरी, अशी मुभा कारखान्यांना दिली. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ती अधिसूचना रद्द केली आणि जादा कामाचे पैसे द्यायला सांगितलं. तरीही जुलै २०२५ मध्ये गुजरातने अध्यादेश काढून दिवसाची मर्यादा बारा तासांवर नेलीच. आठवड्याचे ४८ तास तेवढे ठेवले. सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही नऊचे बारा करायला मंजुरी दिली. बारा तासांच्या चार पाळ्या आणि तीन दिवस सुट्टी, असं कागदावर दिसतं. वेड रोडवर आठवड्याला तीन सुट्ट्या मिळणारा लूमवाला मला कुणी दाखवावा. झोपेबद्दल ज्यांना खरंच कळकळ आहे, अशा वैद्यांनी, डॉक्टरांनी, आरोग्यावर लिहिणाऱ्यांनी त्या अध्यादेशावर लिहायला हवं होतं. झोपेच्या दृष्टीने २०२५ सालातली ती सगळ्यात मोठी बातमी होती.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. कायदा बदलेल तेव्हा बदलेल, आज पाळीवरून आलेल्या माणसाने काय करायचं? त्याला तुम्ही काहीच देत नाही, निदान आम्ही कपभर काहीतरी देतो.

द्यायला आहे. पाळीच्या शेवटच्या पाच-सहा तासांत चहा घेऊ नये, कारण चहातल्या कॅफिनचा निम्मा अंश उतरायलाच साधारण पाच तास लागतात. 'ग्रीन टी' आरोग्याचा म्हणून घेतला तरी त्यातही कॅफिन असतंच. पहाटे झोप उडवायला तोंडात ठेवलेला मावा सकाळीही झोप उडवतो, तंबाखूतलं निकोटिन तेच करतं. सकाळी खोलीवर जाताना डोळ्यांवर गडद चष्मा किंवा निदान टोपी असावी, वाटेत उन्हात रेंगाळू नये. खिडकीला जाड काळं कापड लावावं, कानांत बोळे घालावेत. लूमसमोर उभं असतानाही कानांचं संरक्षण मालकाने द्यायला हवं, ते मागावं. महिनाभर झोप बिघडलेली असेल तर डॉक्टरांना सांगावं आणि काढा, पूड, गोळी जे काही चालू असेल ते सगळं दाखवावं. निद्रानाशावर पहिला इलाज म्हणून डॉक्टर आता गोळीच्या आधी सवयी आणि विचार बदलणारी उपचारपद्धती सुचवतात: उठण्याची वेळ पक्की, अंथरूण फक्त झोपेसाठी, डोळा लागत नसेल तर उठून बसणं. ज्याला स्वतःचं अंथरूण आहे त्याला ती कपभर कॅमोमाइलपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडते.

ज्याला ते नाही, त्याच्यासाठी मागणी निराळी आहे, आणि तीही आजच करता येते. पाळी वारंवार उलटू नये. उलटायचीच असेल तर मध्ये पूर्ण एक दिवस मोकळा मिळावा. मेसमध्ये माणशी एक अंथरूण असावं, आणि दिवसा झोपणाऱ्यांची खोली लूमच्या खात्यावर नसावी. मीटरवर पैसे देणाऱ्या मालकानेही तासांची नोंद ठेवावी आणि ती कारागिराला दाखवावी. या मागण्या सुरतेच्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी द्यायच्या आहेत, ओडिया, गुजराती आणि मराठी तिन्ही भाषांत. लिहून द्यायला हात लागतील, आणि ज्यांना आजवर काढ्याच्या कृती लिहिण्याची हौस होती त्यांचं तिथे मनापासून स्वागत आहे.